पडदा कुठं लावायचा? तालुक्याच्या गावातल्या माहितीपट उपक्रमाचं एक प्रकरण

हे प्रकरण कृष्णेच्या खोऱ्यातल्या, साखर कारखान्याच्या आधारानं वाढलेल्या एका तालुक्याच्या गावातलं आहे. गावाचं, माणसांचं आणि फिल्मचं नाव दिलेलं नाही. ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदलले आहेत. उपक्रम चालवणाऱ्या पाच जणांपैकी मी एक, त्यामुळे हे तिऱ्हाइताचं लिखाण नाही. जिथं माझं मत इतरांपेक्षा वेगळं होतं, तिथं तसं सांगितलं आहे.

पार्श्वभूमी

गावात एकेकाळी दोन टॉकीज होत्या. एकीचं मंगल कार्यालय झालं, दुसरीच्या जागेत मोटारसायकलची शोरूम आहे. जत्रेतला तंबूही येईनासा झाला. पिक्चर बघायचा तर जिल्ह्याच्या गावाला जायचं, नाहीतर मोबाइल आहेच.

टाळेबंदी उठल्यानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही पाच जण जमलो. कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवणारा मी, तालुका ग्रंथालयाच्या ग्रंथपाल बाई, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा एक पोरगा, निवृत्त कृषी सहायक, आणि पुण्यातलं सिनेमाचं शिक्षण अर्ध्यावर टाकून घरची शेती बघायला परत आलेली एक मुलगी. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी सात वाजता ग्रंथालयाच्या माडीवर एक माहितीपट दाखवायचा, नंतर अर्धा तास बोलायचं, असं ठरलं. तिकीट नाही, दाराशी डबा.

ग्रंथालय जुनं आणि शासनमान्य आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या बाकीच्या ग्रंथालयांसारखंच, म्हणजे अनुदान सरकारचं, पण कारभार स्थानिक समितीचा. माडीवरचं सभागृह फुकट मिळालं. प्रोजेक्टर पहिले तीन महिने रात्रीला दीड हजार भाड्यानं आणला, मग पाचांनी वर्गणी काढून एक वापरलेला विकत घेतला. पडदा म्हणजे दोन पांढऱ्या चादरी मधोमध शिवलेल्या.

पहिल्या पाच महिन्यांत शिकलेल्या गोष्टी

पहिली अडचण शब्दाचीच निघाली. फलकावर आम्ही ‘माहितीपट’ लिहिलं. शनिवारी सात वाजता एक गृहस्थ आधार कार्ड आणि पासबुकाची झेरॉक्स घेऊन माडी चढून आले आणि विचारलं, “कुठल्या योजनेची माहिती हाय?” हसण्यासारखं होतं, पण त्यांचं काही चुकलं नव्हतं. या गावानं आजवर पडद्यावर जी ‘माहिती’ पाहिली ती सरकारी गाडीतून आलेली. वयस्कर मंडळींना आठवत होत्या त्या टॉकीजमधल्या न्यूजरील. केंद्र सरकारचं फिल्म्स डिव्हिजन १९४८ साली सुरू झालं आणि त्याच्या फिल्म मुख्य चित्रपटाआधी लावणं टॉकीजवाल्यांना बंधनकारक होतं. एका आजोबांनी सांगितलं, “ते लागलं की आमी बाहेर बिडी वडायला.” पुढच्या महिन्यापासून फलकावर ‘खऱ्या माणसांचे सिनेमे’ असं लिहायला लागलो. झेरॉक्सवाले गृहस्थ मात्र त्या दिवशी शेवटपर्यंत बसले, आणि आजही येतात.

दुसरी अडचण आवाजाची. माहितीपटात माणसं पुटपुटतात, वारा असतो, मागं गाडी चालू असते. माडीला वरून पत्रे, तीन बाजूंनी नुसत्या भिंती. प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू यायचं. मंडपवाल्याचे स्पीकर आणले तर तो प्रकार गणपतीतल्या मिरवणुकीचा, छातीत धडधड होते आणि शब्द कळत नाही. शेवटी मागच्या भिंतीवर ग्रंथालयातल्या जुन्या सतरंज्या टांगल्या आणि दोन लहान स्पीकर लोकांच्या कानाच्या उंचीवर ठेवले. यावर जेवढा वेळ गेला, तेवढा फिल्म निवडण्यावरही गेला नसेल.

तिसरी, भाषेची. चांगल्या फिल्म हिंदीत, तमिळमध्ये, खाली इंग्रजी ओळी. मुलीनं आणि दुकानदार पोरानं मराठी ओळी स्वतः लिहायला घेतल्या. पन्नास मिनिटांच्या फिल्मला सहाशेवर ओळी आणि दोन आठवड्यांच्या रात्री लागल्या. आदल्या दिवशी पेन ड्राइव्ह थेट प्रोजेक्टरला लावून पाहिला तर पडद्यावर नुसते चौकोन. फाइल नीट साठवली तेव्हा अक्षरं आली, पण जोडाक्षरं फुटलेली. ‘आत्महत्या’ हा शब्द पाय मोडलेल्या अक्षरांच्या तीन तुकड्यांत उभा. लॅपटॉपवरून लावल्यावर तो सरळ झाला. तेव्हापासून पेन ड्राइव्ह नाही आणि आदल्या दिवशीची तालीम चुकवायची नाही, असे दोन नियम आहेत.

परवानगीच्या बाबतीत मात्र आम्ही सरळ चुकलो होतो. पहिल्या दोन फिल्म यूट्यूबवरून लावल्या. तिकीट नाही म्हणजे चालतं, असा आमचा समज. चालत नाही. यूट्यूबच्या अटींतच सार्वजनिक प्रदर्शनाला मनाई आहे. आणि कॉपीराइट कायद्यातली शिक्षणसंस्थांची सवलत संस्थेचे विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी जोडलेली माणसं एवढ्यांपुरतीच आहे, गावासाठी नाही. तिसऱ्या महिन्यापासून प्रत्येक दिग्दर्शकाला पत्र लिहायला लागलो. बहुतेकांनी दोन-तीन हजारांत परवानगी दिली, काहींनी फुकट दिली. एकानं तर तालुक्याच्या गावातून पहिल्यांदाच असं पत्र आलं म्हणून फोन केला.

चौथ्या महिन्यात कुस्तीवरची फिल्म लावली, तेव्हा तालमीतली पोरं आली आणि सभागृह पहिल्यांदा भरलं. सुरुवातीला मी सांगितलं की सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती कॅमेऱ्यात घेतली होती. आपल्या माणसानं घेतलेल्या अगदी सुरुवातीच्या चलत्चित्रांत ही कुस्ती आहे. वस्तादांनी मागून विचारलं, “पडला कोण?” ते मला माहीत नव्हतं. त्या रात्रीची चर्चा तासभर चालली.

पाचव्या महिन्यापर्यंत साठ-सत्तर माणसं नेमानं यायला लागली. मात्र त्यांत बाया आठ-दहाच, आणि त्याही बहुतेक शिक्षिका. माडीचा जिना बाजारपेठेतून चढतो आणि सात ही भाकरीची वेळ. हे आम्हाला दिसत होतं. पण पुढच्या महिन्याची फिल्म ठरवायच्या नादात ते दर वेळी मागं पडायचं.

अडचण

नोव्हेंबरसाठी आम्ही ऊसतोड कामगारांवरची चाळीस मिनिटांची फिल्म निवडली. दिग्दर्शिका मराठवाड्यातलीच, स्वतः यायला तयार होती. महिनाही विचार करून निवडला होता: कारखान्यात उसाचं गाळप सुरू झालेलं असतं, बीडकडच्या तोडणीच्या टोळ्या गावाबाहेर उतरलेल्या असतात, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. विषय डोळ्यांसमोर असताना बोलणं होईल, असा आमचा हिशोब.

निरोप मीच लिहिला: ‘ऊसतोड कामगारांच्या जगण्यावरची फिल्म. फिल्मच्या डायरेक्टर स्वतः हजर राहणार.’

आमच्या गावात ‘डायरेक्टर’ या शब्दाचा एकच अर्थ आहे, कारखान्याचा संचालक. हे मला कळायला हवं होतं. माझा जन्म इथला. पुढं पाठवता पाठवता कुणीतरी ओळ छोटी केली आणि शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर निरोप फिरला तो असा: ‘ऊसतोड कामगारांच्या प्रश्नावर ग्रंथालयात कार्यक्रम, डायरेक्टर स्वतः हजर राहणार.’ एकमेकांना फोन झाले. कोण जाणार आहे, कुणी कबूल केलं, विषय काय? त्यातले तीन फोन ग्रंथालय समितीच्या ज्येष्ठ विश्वस्तांना गेले. ते कारखान्याच्या संचालक मंडळावरही आहेत. त्यांना इथं आप्पा म्हणू.

कार्यक्रमाला नऊ दिवस असताना आप्पा ग्रंथालयात आले. चहा घेतला, वर्तमानपत्र चाळलं आणि मग विचारलं,

“सर, सेन्सॉरचं सर्टिफिकेट हाय का या फिल्मला?”

प्रश्न कायद्यानं बरोबर होता. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे सार्वजनिक प्रदर्शनाला प्रमाणपत्र लागतं आणि माहितीपट त्यातून सुटत नाही. आम्ही आधीच्या एकाही फिल्मच्या वेळी ते विचारलेलं नव्हतं. दिग्दर्शिकेला फोन लावला. तिनं राष्ट्रीय पुरस्काराला फिल्म पाठवली होती आणि तिथं प्रमाणपत्राशिवाय प्रवेशिका घेत नाहीत, त्यामुळे तिच्याकडे ‘यू’ होतं. अर्ध्या तासात मोबाइलवर फोटो आला. आप्पांनी चष्मा चढवून तो पूर्ण वाचला, मोबाइल परत दिला आणि म्हणाले,

“ते ठीकाय. पण गाळप सुरू झालंय. आत्ताच कशाला? मार्चात दावा की.”

आप्पांबद्दल इथं थोडं सांगायला हवं, नाहीतर ते नाटकातले खलनायक वाटतील. माडीचं सभागृह त्यांच्याच खटपटीनं झालं. आमच्या पहिल्या कार्यक्रमाला ते पुढच्या रांगेत होते आणि डब्यात पाचशेची नोट त्यांनीच टाकली होती. आदल्या हंगामात दोन टोळ्या उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, घेऊन मध्येच निघून गेल्या, तेव्हा उभ्या उसाचे शेतकरी रोज त्यांच्या दारात बसायचे. फिल्म बघून टोळ्या बिथरतील ही त्यांची भीती मला पटत नव्हती, तरी ती खोटी नव्हती.

खरा पेच ग्रंथपाल बाईंचा होता. त्यांची नेमणूक समितीची, पगार तुटपुंजा आणि तोही अनुदान आलं की. आप्पा गेल्यावर त्या म्हणाल्या, “तुमचं बरं आहे सर. तुमचा पगार दुसरीकडून येतो.”

पर्याय

त्या रात्री मोबाइलच्या दुकानात शटर अर्धं ओढून आम्ही बसलो. पाच पर्याय निघाले.

मार्चपर्यंत पुढं ढकलणं हा सगळ्यांत सोपा. बाईंची सुटका होती, आप्पांचा मान राहत होता. पण मार्चमध्ये पट्टा पडतो, म्हणजे गाळप संपतं, टोळ्या गावाकडं परततात. कृषी सहायक काका म्हणाले, “पाव्हणं गेल्यावर पंगत मांडायची का?”

दुसरा, फिल्म बदलायची. यावर पाच मिनिटंही बोलणं झालं नाही. एकदा बदलली की पुढच्या वेळी कुणी सांगायच्या आधीच आम्ही बदलणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तिसरा माझा. फिल्म माडीवरच दाखवायची, आणि कारखान्याच्या शेती अधिकाऱ्यांना बोलावून चर्चेत त्यांची बाजू मांडू द्यायची. तोडणीचं वेळापत्रक, टोळी आणणाऱ्या मुकादमाशी करार, उचल बुडाली तर कुणाच्या डोक्यावर, हे गावानं त्यांच्या तोंडून ऐकलेलं बरं असं माझं म्हणणं. मुलगी म्हणाली, “मग फिल्मची सभा होईल सर. हारतुरे, प्रास्ताविक, आणि शेवटी आभार. आणि बाई अडकलेल्या त्या अडकलेल्याच.” दुसऱ्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चौथा, जागा बदलायची. मंगल कार्यालय एका संचालकाच्या मेहुण्याचं, तेव्हा ते बाद. शाळेचं मैदान संस्थेचं, आणि संस्थेवर पुन्हा तीच मंडळी. उरलं दलित वस्तीतलं समाजमंदिर. ते मागितलं असतं तर त्याच दिवशी मिळालं असतं. तिथं मी जे बोललो ते लिहिणं सोयीचं नाही, पण प्रकरणात ते आहे: “तिथं आपला नेहमीचा प्रेक्षक येईल का?” दुकानदार पोरगा त्याच वस्तीतला. तो काही बोलला नाही, स्क्रू ड्रायव्हर फिरवत बसला. पाच महिन्यांत आम्ही समाजमंदिर एकदाही सुचवलं नव्हतं आणि त्यानंही नाही. ‘आपला प्रेक्षक’ म्हणजे कोण, हे जागेनं आमच्याआधीच ठरवून टाकलं होतं.

पाचवा पर्याय मुलीचा. पडदा टोळीच्या तळावर लावायचा. फिल्म ज्यांच्यावर आहे त्यांना ती दाखवायची कल्पना तोवर आमच्यातल्या कुणाच्या डोक्यात आली नव्हती. तळ गावापासून दोन किलोमीटरवर. गावातली गुरं असलेली घरं वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंढ्या घ्यायला तिथं रोज जातात, पण बसायला कुणी जात नाही.

मतदान झालं. तळाच्या बाजूनं तिघं, मी विरोधात. बाई म्हणाल्या, “मी या महिन्यात नाही असं धरा.” त्यांचं नाव निरोपातून काढलं आणि ग्रंथालयाचा फलक कोरा ठेवला.

तळावरची रात्र

तळ ओढ्याकाठच्या एका पडीक रानात होता. रानमालक काकांच्या ओळखीचा, तो लगेच हो म्हणाला. मुकादमानं दोन अटी घातल्या: “नवाच्या आत आवरा, रात्री दोनला गाडी भरायचीय. आन् उचलीचं काय बोलू नका.” पहिली अट मान्य केली. दुसरीवर मुलगी म्हणाली, “आम्ही बोलणार नाही. फिल्ममध्ये आहे, ते काढता येणार नाही.” मुकादम थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “फिल्मीत असल तर असू दे.”

ध्वनिक्षेपकाचा अर्ज पोलिस ठाण्यात दिला. दहाची मर्यादा होती, ती आमच्या वेळेत बसत होती. मंडपवाल्याचा जनरेटर लांब शंभर फुटांवर ठेवला, तरी त्याची घरघर येतच होती. पडदा दोन बांबूंना ताणून बांधला, पण ओढ्याकडून वारं आलं की तो शिडासारखा फुगायचा आणि पडद्यावरच्या माणसांची तोंडं लांबायची. मग पोरांनी खालच्या कडेला उसाच्या मोळ्या बांधल्या आणि तो स्थिर झाला.

साडेसातला सुरू केलं तेव्हा प्रत्येक खोपीसमोर चूल पेटलेली होती. प्रोजेक्टरचा झोत धुरातून जात होता. पोरं वाढ्याच्या पेंढ्यांवर बसली, पुरुष मागं ट्रॉलीला टेकून. बायांनी जागा सोडली नाही. चुलीपाशीच बसून भाकरी थापत मान वळवून बघत होत्या. गावातून चौदा जण मोटारसायकलींवर आले आणि बांधावर उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

माडीवरच्या तालमीत आम्ही ज्या प्रसंगाला गप्प झालो होतो, तिथं तळावर हशा पिकला. फिल्ममधली बाई पहाटेच्या उजेडात एकटी ऊस तोडते आहे, लांबलचक शॉट, मागं सूर्य उगवतोय. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “आगं, ही कॅमेऱ्यासाठी तोडतीया. बुडाला कुठं घाव घालतीया ती?” मग सगळ्याच बोलायला लागल्या. कांडं जमिनीबरोबर तोडावं लागतं, वर राहिलं तर ओरडा बसतो, आणि एकटी कोण तोडतं, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. आमच्याबरोबर उभ्या असलेल्या दिग्दर्शिकेनं कबूल केलं की तो शॉट तिनं तीनदा घेतला होता. इतक्या ठिकाणी फिल्म दाखवली, हे तिला पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं.

पंचविसाव्या मिनिटाला एक ट्रॅक्टर ठरल्या वेळेआधीच आला. निम्मे पुरुष उठून गेले. उचलीचा भाग आला तेव्हा मुकादम पडद्याकडं पाठ करून फोनवर बोलत होता.

फिल्म संपल्यावर चर्चा म्हणावी अशी काही झाली नाही. एका बाईनं तवा उतरवता उतरवता विचारलं,

“भाऊ, त्या फिल्मीतल्या बाईला पैशे भेटले का?”

मी दिग्दर्शिकेकडे पाहिलं. ती म्हणाली, “नाही ताई. पैसे देऊन बोलायला लावलं, असं होऊ नये म्हणून दिले नाहीत.”

“मंग तुमाला भेटले का?”

“थोडे भेटले.”

“मंडपवाल्याला?”

“त्यालाही दिले,” मी म्हणालो.

बाई “बरं” म्हणाली आणि भाकरी दुरडीत ठेवली. मागं कुणीतरी हसलं. पावणेनऊला आम्ही पडदा सोडला. बांधावरच्या लोकांनी डब्यात तीनशे चाळीस रुपये टाकले होते.

निष्पत्ती

टोळ्या बिथरल्या नाहीत, उसाची तोड चालू राहिली. आप्पांनी दुसऱ्या दिवशी फोन केला आणि एवढंच विचारलं, “किती माणसं होती?” त्यानंतर समितीचं एक पत्र आलं: पुढच्या कार्यक्रमांची यादी समितीला आधी द्यावी. बाईंची नोकरी शाबूत राहिली.

माडीवरचा प्रेक्षक मात्र कमी झाला. डिसेंबरमध्ये चाळीसही नव्हते. काहींना आम्ही ‘चळवळवाले’ वाटायला लागलो. काहींना तळावर गेलो म्हणजे गावाला डावललं असं वाटलं. त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. फिल्म गावानं बघायला हवी होती आणि गावानं ती बघितलीच नाही. बांधावरचे चौदा जण काही गाव नव्हे.

ती गावात आली फेब्रुवारीत, आमच्या नियोजनाशिवाय. तळावर औषधाच्या गोळ्या द्यायला येणाऱ्या एका आशा ताईंनी ती रात्र पाहिली होती. त्यांनी बचत गटाच्या बैठकीत विषय काढला आणि आम्हाला निरोप आला: दुपारी तीनला, समाजमंदिरात. पन्नासच्या वर बाया आल्या. पाच महिन्यांच्या माडीवर मिळून आल्या नसतील इतक्या, आणि सगळ्या वस्त्यांतल्या, कारण बचत गट सगळ्या वस्त्यांत आहेत आणि तीन ही मोकळी वेळ आहे. ऊसतोड बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये बीडमधून राज्यभर गाजला होता. त्यावर आशा ताई वीस मिनिटं बोलल्या. आमच्यापैकी कुणाला तोंड उघडावं लागलं नाही. दुकानदार पोरानं स्पीकर लावले, त्याच्या आईनं चहा केला.

आज करायचं झालं तर

निरोपात ‘डायरेक्टर’ लिहिणार नाही. गंमत सोडा, त्या एका शब्दानं नऊ दिवस आधी जे पेटलं ते एरवी कदाचित पेटलंच नसतं. गावात कुठला शब्द कुणाच्या मालकीचा आहे, हे दोन-चार जणांना वाचून दाखवल्याशिवाय आता काही पाठवत नाही.

समितीकडून वर्षाचा ठराव सुरुवातीलाच लेखी घ्यायला हवा होता. तोंडी परवानगी एका माणसाची असते, तो बदलला की संपली. ठराव असता तर बाईंना आप्पांसमोर एकट्यानं उभं राहावं लागलं नसतं. आम्ही त्यांना पहिल्या दिवसापासून पाचांतली एक धरलं, पण धोका पाचांत सारखा वाटलेला नव्हता, हे पहिल्याच बैठकीत बोलायला हवं होतं.

प्रमाणपत्र. आप्पांच्या प्रश्नानंतर मी आधीच्या पाच फिल्म तपासल्या. तिघींना नव्हतं. कुणी तक्रार केली असती तर उपक्रम तिथंच बंद पडला असता, तोही कुस्तीच्या फिल्मवरून. आता परवानगीच्या पत्रातच प्रमाणपत्राची प्रत मागतो. ज्या फिल्मला ते नाही ती, कितीही आवडली तरी, जाहीर लावत नाही. यामुळे काही उत्तम फिल्म हुकतात. मुलीला हे मान्य नाही आणि आमचा वाद चालू आहे.

तळावर आधी एकदा नुसतं जायला हवं होतं, पडद्याशिवाय. वेळ आम्ही ठरवली आणि मुकादमाला विचारली. बायांना विचारली नाही. काका म्हणतात, कारखान्याची मिल ब्रेकडाउन झाली की तोड थांबते आणि टोळीला उसंत मिळते, तेव्हा सामान तयार ठेवून त्या दिवशी जायचं. दुसरा शनिवार ही सोय आमच्यासारख्या पगारदारांची आहे.

तिसऱ्या पर्यायावर माझं मत अजून बदललेलं नाही. शेती अधिकाऱ्यांना बोलावलं असतं तर हारतुरे झाले असते हे खरं, पण उचलीचा हिशोब गावासमोर निघाला असता. तळावर मुकादमाची पाठ होती, माडीवर कुणाला तरी तोंड द्यावं लागलं असतं. बाकी चौघं म्हणतात, तू माडीचा माणूस आहेस. असेन.

पैशांच्या प्रश्नाला उत्तर सापडलेलं नाही. एवढंच केलं की दिग्दर्शकांच्या पत्रात एक ओळ वाढवली: पडद्यावरच्या माणसांनी ही फिल्म पाहिली आहे का? गेल्या वर्षी सात जणांना विचारलं. चौघांनी हो म्हणून सविस्तर लिहिलं, तिघांनी बाकीच्या पत्राला उत्तर दिलं आणि ती ओळ सोडून दिली.

आता तीन जागा आहेत: माडी, समाजमंदिर दुपारी तीनला, आणि हंगामात एकदा तळ. चादरीच्या पडद्याला धुरानं आलेला पिवळेपणा बाईंनी दोनदा धुतला, गेला नाही. फिल्म चालू असताना तो दिसत नाही. यंदाची यादी जूनमध्ये समितीला दिली. सात फिल्मपैकी सहांसमोर बरोबरची खूण होऊन ती परत आली. सातवी २०१९ च्या महापुरावर आणि पूररेषेतल्या बांधकामांवर आहे. तिच्यासमोर आप्पांच्या अक्षरात, पेन्सिलीनं, ‘चर्चा करावी’ असं लिहिलेलं आहे. ऑगस्ट संपत आला, चर्चा अजून झालेली नाही. समाजमंदिराची तारीख धरून ठेवली आहे.